रिकामी करणं वेगळं, पाडणं वेगळं

मे महिना उजाडला की ठाणे, कल्याण-डोंबिवली, पुणे, नाशिक अशा शहरांत धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात आणि कुठल्या तरी जिन्याच्या भिंतीवर नोटीस चिकटते. इमारत अतिधोकादायक आहे, तात्काळ रिकामी करून उतरवून घ्या, दुर्घटना घडल्यास जबाबदारी तुमची. दहा-बारा ओळींचा मजकूर, खाली सहायक आयुक्तांची सही आणि गोल शिक्का. तो वाचून तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत प्रत्येक घर एकच प्रश्न विचारतं : याविरुद्ध दाद कुठे मागायची?

मुंबई सोडून राज्यातल्या इतर महापालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. नोटीस निघते ती कलम २६४ खाली. इमारत मोडकळीला आली आहे, पडण्याच्या बेतात आहे किंवा राहणाऱ्याला, येणाऱ्या-जाणाऱ्याला धोकादायक आहे, असं आयुक्तांना ‘दिसून आलं’ की लेखी नोटीस देता येते. या नोटिशीवर अपील ऐकणारा कुणी अधिकारी किंवा न्यायाधिकरण कायद्याने नेमलेलं नाही. त्यात भर कलम ४३३अ ची. पदनिर्देशित अधिकाऱ्याने (या कामासाठी आयुक्तांनी नेमलेल्या अधिकाऱ्याने) ज्या कलमांखाली काढलेल्या नोटिशींना दिवाणी दाव्यात आव्हान देता येत नाही, त्या यादीत २६४ सुद्धा आहे. म्हणजे वरचा दरवाजा बांधलेलाच नाही आणि बाजूचा बंद केलेला. उरतं ते उच्च न्यायालय आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालची रिट याचिका. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या डोंबिवलीच्या जोडप्याने जूनच्या पावसात मुंबई गाठून ती दाखल करायची.

ही व्यवस्था बदलली पाहिजे, आणि सुरक्षिततेच्या कारणासाठीच बदलली पाहिजे. इमारत रिकामी करणं आणि इमारत पाडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एका नोटिशीत, एका सहीने त्या एकत्र बांधल्यामुळे दोन्ही बिघडतात. रिकामी केलेली इमारत निर्दोष ठरली तर माणसं परत येतात. पाडलेली इमारत निर्दोष होती हे नंतर सिद्ध करायलाही काही उरत नाही.

याच देशातला दुसरा कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३) सार्वजनिक उपद्रव दूर करण्याबद्दल आहे. त्यात पडायला झालेली इमारत येते आणि पडायला झालेलं झाडही येतं. तिथे कार्यकारी दंडाधिकारी आधी सशर्त आदेश काढतात. समोरचा हजर होऊन हरकत घेतो, तेव्हा दंडाधिकाऱ्यांना पुरावा घ्यावा लागतो. गरज पडली तर ते स्थळपाहणी करवतात, तज्ज्ञाला बोलावून तपासतात. ही चौकशी नव्वद दिवसांत, कारणं नोंदवून फार तर एकशेवीस दिवसांत संपवायची आहे. त्यानंतर आदेश कायम होतो किंवा रद्द होतो. झाडाच्या मालकाला पुरावा मांडण्याचा हा हक्क आहे. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीला महापालिकेच्या नोटिशीपुढे तो नाही. हा फरक कुठल्याही तत्त्वाने समर्थनीय ठरत नाही.

महापालिकेच्या अभियंत्याची बाजूही समजून घ्यायला हवी. त्याने सही केली नाही आणि इमारत कोसळली तर निलंबन त्याचं, प्रसंगी गुन्हाही त्याच्यावर. त्याने सही केली आणि दुरुस्त होण्याजोगी इमारत जमीनदोस्त झाली तर त्याला कुणी जाब विचारत नाही. अशा स्थितीत प्रत्येक संशय धोक्याच्या बाजूने झुकणार, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. म्हणून दुसऱ्या, स्वतंत्र नजरेची गरज आहे. पुनर्विकासाचा प्रश्नही इथेच येतो. गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाला निम्म्याहून जास्त, ५१ टक्के सभासदांची संमती लागते. अतिधोकादायक ठरलेली इमारत मात्र संमतीची वाट पाहत नाही. घर उतरलं की विरोध करणाऱ्याच्या हातात काहीच राहत नाही. प्रत्येक नोटिशीमागे बिल्डर असतो असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण तसा संशय राहणाऱ्यांच्या मनात येतो आणि तो दूर करण्याची कुठलीही सोय व्यवस्थेत नाही. संशय आलेला माणूस घर सोडत नाही.

त्याची किंमत माणसं जिवाने मोजतात. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ जण गेले. ती धोकादायक असल्याचं आधीच जाहीर झालं होतं, काही कुटुंबं निघून गेली होती, काही राहिली होती. त्याच वर्षी २५ जुलैला घाटकोपरची साईसिद्धी इमारत पडून १७ जणांचा बळी गेला. तिथे तळमजल्यावर आतल्या फेरफारात खांबांना हात लावल्याचं पुढे आलं. इमारती खरोखर पडतात, पावसाळ्यात जास्त पडतात. म्हणूनच नोटीस अशी हवी की ती वाचणाऱ्याला खरी वाटली पाहिजे.

सध्याच्या चौकटीत घरमालकाने काय करायचं, तेही नेमकं सांगायला हवं, कारण पहिला आठवडा बहुतेक घरांत चुकीच्या कामात जातो. नगरसेवकाकडे चकरा होतात, कागद मात्र तयार होत नाही.

नोटीस काढून फेकू नका. जिथे चिकटवली तिथेच, आजूबाजूची भिंत दिसेल असा तारखेसह फोटो घ्या. हाती मिळाली असेल तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा, पाकीट जपा. मग शब्द वाचा. कलम २६४ मध्ये चार क्रियापदं आहेत : पाडणे, सुरक्षित करणे, काढून टाकणे, दुरुस्त करणे. यांपैकी एक किंवा अनेक करायला आयुक्त सांगू शकतात. तुमच्या नोटिशीत नेमकं कोणतं आहे? ‘धोकादायक भाग दुरुस्त करा’ अशी नोटीस असताना सगळी इमारत पाडायला निघालेल्या संस्था आहेत, आणि नुसता छज्जा सुटला असताना ‘निष्कासित करा’, म्हणजे पाडून टाका, असं लिहिलेल्या नोटिसाही आहेत. सही कुणाची, त्याला हे अधिकार दिलेले आहेत का, इमारतीचं नाव आणि सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक बरोबर आहे का, पाहणी कोणत्या तारखेला झाली, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कोणत्या अहवालावर नोटीस आधारली आहे, हे पाहा. मुदत कलमाने ठरवून दिलेली नाही. ती नोटिशीतच लिहिलेली असते, तेव्हा दिवस तिथून मोजा.

नोटिशीत प्रवर्गही असतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य, पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे रिकामी करून संरचनेची दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच संरचनेची दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सगळी लढाई बहुधा सी-१ आणि सी-२ए यांमधल्या रेषेवर होते. ‘आमची इमारत ठणठणीत आहे’ असं म्हणत जाणारे हरतात, कारण चाळीस वर्षांची आरसीसी इमारत क्वचितच ठणठणीत असते. ‘इमारत रिकामी करून दुरुस्त होते, पाडायची गरज नाही’ हे म्हणणं मात्र सिद्ध करता येतं.

ते सिद्ध होतं चाचण्यांवर. महापालिकेच्या अहवालाची प्रत लेखी मागा, कारण तो न पाहता दिलेलं उत्तर अंधारात मारलेला दगड आहे. प्रत मिळायला उशीर होत असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. नेहमीची मुदत तीस दिवसांची आहे, पण जीविताशी संबंधित माहिती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी असं त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे. त्या तरतुदीचा अर्जात उल्लेख करा. अहवाल आला की तो एखाद्या सरकारी किंवा नामवंत अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या तज्ज्ञाकडे न्या. मुंबईत व्हीजेटीआय, पुण्यात सीओईपी, सांगलीत वालचंद अशा संस्थांच्या अहवालाला न्यायालयात आणि महापालिकेतही वजन असतं. महापालिकेच्या पॅनेलवरचा अभियंता घेतला तर उत्तम, म्हणजे पात्रतेवरून वाद राहत नाही.

अहवालात चुका कुठे होतात ते ठरलेलं आहे. रिबाउंड हॅमर (आपटून काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज देणारं उपकरण) गिलाव्यावर मारलेला असतो. गिलावा काढून, पृष्ठभाग घासून मारलेल्या हॅमरचाही अंदाज २५ टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो, असं भारतीय मानकच सांगतं, मग गिलाव्यावरच्या आकड्याला अर्थ नाही. आणि ही चूक दोन्ही बाजूंनी होते, हेही लक्षात ठेवा : जुनं, कार्बोनेशन झालेलं (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कलीपणा गमावलेलं) काँक्रीट वरून कडक लागतं आणि हॅमर खऱ्यापेक्षा बराच जास्त आकडा दाखवतो. अल्ट्रासोनिक चाचणीत, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते मोजताना, खांबाच्या समोरासमोरच्या बाजूंनी घेतलेला वेग आणि एकाच बाजूवर घेतलेला वेग सारखे येत नाहीत. एकाच बाजूवरचा कमीच भरतो. सेकंदाला ३ किलोमीटरच्या खालचा आकडा वाईट खरा, पण तो कोणत्या पद्धतीने घेतला हे अहवालात नसेल तर विचारा. कोअर (काँक्रीट कापून काढलेले दंडगोल नमुने) काढले असतील तर किमान तीन हवेत. त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको, हा आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाचा नियम. इथे एक गोष्ट फार वेळा निसटते. १९८५ सालची इमारत त्या काळच्या, म्हणजे १९७८ च्या मानकाप्रमाणे एम-१५ काँक्रीटने (‘एम’पुढचा आकडा ताकदीची प्रत सांगतो) बांधलेली असते. आरसीसीला किमान एम-२० ही अट २००० सालच्या आवृत्तीने आणली. एम-१५ च्या खांबाला एम-२० च्या पट्टीने मोजून नापास करणं म्हणजे जन्मतारीख न पाहता वय ठरवणं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी चाचणी फिनॉल्फ्थॅलिनची. खांबाचा कोपरा छिन्नीने ताजा फोडायचा, धूळ फुंकून काढायची आणि द्रावण फवारायचं. ज्या भागाचा अल्कलीपणा शाबूत आहे तो गडद गुलाबी होतो, जिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरला आहे तो राखाडीच राहतो. गुलाबी रेषा सळीच्या बाहेर असेल तर सळीला अजून संरक्षण आहे. राखाडी भाग सळीच्या मागे गेला असेल तर गंज धरणारच. तो धरला आहे का, किती धरला आहे, हे हाफ-सेल चाचणीच्या (सळीचं विद्युत विभव मोजणाऱ्या) आकड्याने पूर्ण कळत नाही. उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलेला आकडा गंजाची दाट शक्यता सांगतो, सळी किती उरली ते सांगत नाही. त्यासाठी सळी उघडी करून, तारेच्या ब्रशने साफ करून व्हर्नियरने मोजावी लागते. १६ मिलिमीटरची सळी १३ वर आली असेल तर तिचं एकतृतीयांश क्षेत्रफळ गेलं. हा एक आकडा पन्नास फोटोंपेक्षा मोठा पुरावा आहे, मग तो तुमच्या बाजूने जावो की विरुद्ध.

आणि चाचण्या घेतल्या कुठे? संडासाच्या डक्टलगतचा स्लॅब, गच्चीवरच्या टाकीखालचा बीम, पावसाने खाल्लेले छज्जे. या सगळ्या जागा खराब असणारच. इमारत उभी असते ती तळमजल्याच्या खांबांवर. प्रत्येक खांबाचा क्रमांक, नकाशावर जागा आणि समोर आकडा, असा तक्ता नसेल तर सी-१ चा निष्कर्ष कशावरून काढला हा प्रश्न लेखी विचारा.

तुमच्या अभियंत्याचा अहवालही तितकाच कसून तपासा. ‘दुरुस्ती केल्यास इमारत सुस्थितीत राहील’ एवढ्या एका वाक्यावर पालिका नोटीस मागे घेत नाही आणि घेऊही नये. कोणते खांब, जॅकेटिंग (खांबाभोवती नवा थर चढवणं) की मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं, ओतायचं काँक्रीट), काम चालू असताना टेकू कुठे, किती दिवस लागतील, खर्चाचा अंदाज, आणि दुरुस्तीनंतर आयुष्य किती वर्षं, हे सगळं त्यात हवं. त्याच अभियंत्याच्या सहीचं, टेकू लावल्यानंतर इमारत किती काळ उभी राहील याचं प्रमाणपत्र हवं.

उत्तर मुदतीच्या आत, संस्थेच्या लेटरहेडवर, व्यवस्थापन समितीच्या ठरावासह द्या. नोटीस मान्य नाही हे आधी, कारणं नंतर. मग मागण्या : अहवालाची प्रत, दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांची संयुक्त पाहणी, समक्ष सुनावणी, आणि निर्णय होईपर्यंत पाडकामाला स्थगिती. आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, एक प्रत स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. तोंडी आश्वासनावर परत येऊ नका. संस्थेची समितीच पाडायच्या बाजूने असेल तर सभासदाने ‘भोगवटादार’ म्हणून स्वतंत्र उत्तर द्यावं. कलमात मालकाइतकाच भोगवटादाराचाही उल्लेख आहे.

उत्तर लिहिण्याआधीही एक काम आहे. टेकू लावा, गच्चीवरच्या टाक्या रिकाम्या करा, सुटलेले छज्जे उतरवा, खाली पत्रे उभारून वाट बंद करा, लहान मुलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं आधी हलवा. अनेक ठिकाणी राहणाऱ्यांकडून ‘स्वतःच्या जबाबदारीवर राहतो’ असं हमीपत्र घेतलं जातं. ते देऊ नये, घेऊही नये. खालून शाळेत जाणाऱ्या मुलाने त्या हमीपत्रावर सही केलेली नसते.

मुंबईत थोडी बरी स्थिती आहे. तिथे १८८८ च्या अधिनियमाच्या कलम ३५४ खाली नोटीस निघते. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर, पालिकेचा आणि राहणाऱ्यांचा अहवाल परस्परविरोधी असेल तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. उच्च न्यायालय स्वतः खांब मोजत नाही, ते काम तज्ज्ञांकडे सोपवतं. हे योग्यच आहे. उणीव एवढीच की समिती पालिकेनेच नेमलेली असते. इतर शहरांत तेवढीही हमी कायद्याने दिलेली नाही.

दुसरीकडे पाहायचं तर दिल्लीच्या १९५७ च्या महापालिका कायद्यात न्यायिक अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालचं अपील न्यायाधिकरण आहे, कोलकात्याच्या १९८० च्या कायद्यात इमारत न्यायाधिकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ ला, न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने, पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस, समक्ष सुनावणी, कारणांसह आदेश आणि आदेशानंतरही पंधरा दिवसांची उसंत बंधनकारक केली. तो निकाल अनधिकृत बांधकामांबद्दलचा आहे, धोकादायक इमारतीला तो जसाच्या तसा लागू होईल असं धरून चालू नये. पण परवानगीशिवाय बांधणाऱ्याला जे संरक्षण मिळतं, ते रीतसर परवानगीने बांधून चाळीस वर्षं कर भरणाऱ्याला नसावं, हे कुणालाही पटणार नाही.

म्हणून विधिमंडळाने कलम २६४ आणि ३५४ मध्ये दुरुस्ती करून दोन टप्पे वेगळे करावेत. रिकामी करण्याचा आदेश आयुक्तांनी लगेच काढावा आणि त्याला आपोआप स्थगिती मिळू नये. पाडण्याचा आदेश मात्र अपिलाची मुदत संपेपर्यंत अंमलात येऊ नये. अपील प्रत्येक महसूल विभागातल्या तीन जणांच्या मंडळाकडे जावं : निवृत्त जिल्हा न्यायाधीश, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातला संरचना शास्त्राचा प्राध्यापक, आणि दुसऱ्या महापालिकेतला शहर अभियंता. मंडळाने दोन्ही बाजूंसमोर चाचण्या घ्याव्यात, कोअरचे नमुने सीलबंद करावेत, आणि एकवीस दिवसांत निकाल द्यावा. त्या मुदतीत निकाल झाला नाही तर स्थगिती संपावी. अशाने वेळकाढूपणाला वाव राहत नाही. उशिराने माणसं मरतील ही भीती रास्त आहे, पण माणसं बाहेर पडली की इमारतीत मरायला कुणी नसतं. एकवीस दिवस रिकामी उभी राहिलेली इमारत, भोवती पत्रे आणि पहारा असेल तर, कुणाचा जीव घेत नाही.

रिकामी करण्याच्या दिवशी आणखी एक गोष्ट करायची राहू देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात, सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या इमारतीबाबत, ठरवून दिलं की इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. पण हक्क किती चौरस फुटांचा हे नंतर सिद्ध करायला भिंत उरलेली नसते. घराला कुलूप लावण्याआधी पालिकेच्या कनिष्ठ अभियंत्यासमोर प्रत्येक खोलीचं आतलं मोजमाप घ्या, पोटमाळा आणि गॅलरीसकट. खोलीच्या दारात टेप धरलेला फोटो काढा. राहणाऱ्याचं नाव, खोली क्रमांक, चटई क्षेत्र आणि भाडेकरू की मालक, असा तक्ता करून त्यावर अभियंत्याची सही आणि शिक्का घ्या, आणि त्याची एक प्रत प्रत्येक कुटुंबाने स्वतःकडे ठेवून मगच किल्ली द्या.